मदत हवी आहे: कार्पल टनेलच्या मॉडेलला गार हात फसवतोय

मनगटातल्या कार्पल टनेल या अरुंद बोगद्यात मीडियन नस दबली आहे का, हे नर्व्ह कंडक्शनच्या (नसेतून संकेत किती वेगाने जातो, त्या चाचणीच्या) आकड्यांवरून ओळखायला रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मशीन लर्निंग मॉडेल) लावलंय. एकाच पेशंटचा डावा हात ट्रेनिंगमध्ये आणि उजवा टेस्टमध्ये गेल्याने अचूकता उगाच फुगली होती. पेशंटनिहाय विभागणी केल्यावर तो घोळ मिटला.

उरलाय तापमानाचा. त्वचा ३२ अंशांखाली गेली की दर अंशामागे डिस्टल लेटन्सी (मनगटाशी नसेला झटका दिल्यापासून प्रतिसाद येईपर्यंतचा वेळ) साधारण ०.२ मिलिसेकंदांनी वाढते, आणि एसीत गारठलेला धडधाकट हातही 'दबलेली नस' ठरतो. जुन्या नोंदींत तापमानच लिहिलेलं नाही (नेहमीचंच!).

मग अनामिकेवरचा मीडियन-अल्नर फरक (तिथे पोचणाऱ्या या दोन नसांच्या लेटन्सीतला; अल्नर नस कार्पल टनेलमधून जात नाही) मॉडेलचं मुख्य फीचर धरावा का? गारठा दोन्ही नसांना सारखाच. पण मधुमेहात दोन्ही मंदावतात, तिथे या फरकावरून 'दबलेली नस' ठरवायची ०.५ मिलिसेकंदांची सीमा कितपत टिकते?