बाळंतपणानंतरचे नैराश्य कशामुळे येते?

प्रश्न: धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला सहा आठवडे झाले. माहेरी सर्व सोय आहे, तरीही ती सतत रडते, बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही आणि आपण चांगली आई नाही असे ती वारंवार म्हणते. आमची आई याला अशक्तपणा समजते. यामागे काय असू शकते?

उत्तर १: पहिल्या दोन आठवड्यांतील रडवेलेपण बहुतेकींमध्ये आपोआप ओसरते, सहा आठवडे टिकलेले दुःख मात्र नैराश्य असू शकते. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने कमी होतात आणि त्यात रोजच्या जागरणाची भर पडते. थायरॉइडचा बिघाड व रक्तक्षय यांमुळेही अशी लक्षणे दिसत असल्याने रक्ततपासणी अवश्य करावी.

उत्तर २: केवळ संप्रेरकांकडे बोट दाखवणे मला अपुरे वाटते. गोव्यातील मातांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २३ टक्के मातांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले, आणि आर्थिक ओढाताण, पतीशी बिघडलेले संबंध व मुलीचा जन्म यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मला मुलगी झाली तेव्हा सासरी धरलेला अबोला मी आजही विसरलेले नाही. बहिणीला पूर्वी नैराश्य आले होते का, हेही विचारावे. तो मोठा धोका असतो.

प्रश्नकर्ती: लग्नाआधी वर्षभर ती अशीच खचली होती, आम्ही ते कोणालाच सांगितले नव्हते.

उत्तर १: हे डॉक्टरांना आजच सांगा. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर तिला एकटी न ठेवता ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तत्काळ फोन करा.