छोट्या एजन्सीतलं मोकळं वातावरण: खरा गुण, की नियमच नसण्याचं गोड नाव?

ट्रॅफिक_डेस्क

दहा-पंधरा माणसांची जाहिरात किंवा डिजिटल एजन्सी सोडताना लोक जे चांगलं सांगतात आणि ज्याची तक्रार करतात, ते बहुतेक वेळा एकच असतं. मालकाशी थेट बोलता येतं याचं कौतुक, आणि मालकाचा मेसेज रात्री साडेदहाला येतो ही तक्रार. सगळ्या प्रकारचं काम शिकायला मिळतं हे खरंच, पण त्याच हिशेबात डिझायनर बॅनर करतो, रील कापतो, प्रूफ वाचतो आणि थकलेल्या बिलासाठी फोनही करतो. सकाळी उशिरा आलात तर कोणी विचारत नाही, पण निघायची वेळही कोणी ठरवलेली नसते.

मोकळेपणाला माझा विरोध नाही. तो टिकवायचा असेल तर चार गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात, एवढंच म्हणणं आहे. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवं ते, एका पानावर आल्याशिवाय काम बोर्डावर चढणार नाही. ठरलेल्या किमतीत बदलांच्या दोनच फेऱ्या. संध्याकाळी सातनंतर आलेल्या निरोपाला दुसऱ्या दिवशी उत्तर. आणि प्रत्येक पदाचा पगार कुठून कुठपर्यंत, हे सगळ्यांना माहीत. हे सगळं एका कागदावर मावतं, त्यासाठी एचआर विभाग लागत नाही.

मालकपक्ष

कागदावर मावतं, पण पाळायला माणूस लागतो. बारा जणांच्या एजन्सीत, ज्याचे तास क्लायंटच्या बिलात लावता येत नाहीत असा एक माणूस वाढला की त्याचा पगार उरलेल्या अकरा जणांच्या तासांतून काढावा लागतो. क्लायंटचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यायचे असतात. मोठ्या एजन्सीपुढे छोटीचा टिकाव लागतो तो वेगामुळे. सकाळी फोन, दुपारी डिझाइन, संध्याकाळी जाहिरात लाइव्ह. तिथे "ब्रीफचं पान भरा" म्हटलं तर क्लायंट दुसरीकडे जातो.

पगाराच्या पट्ट्यांचं, म्हणजे पदाचा पगार कुठून कुठपर्यंत याचं, तर इथे गणितच बसत नाही. मोठ्या कंपनीत एका पदावर चाळीस माणसं असतात, म्हणून पट्टा जाहीर करता येतो. छोट्या एजन्सीत एकच मोशन डिझायनर आणि एकच मीडिया प्लॅनर. पट्टा जाहीर करणं म्हणजे त्या माणसाचा पगार भिंतीवर लावणं. हे त्यालाही आवडणार नाही.

ट्रॅफिक_डेस्क

वेगाचा मुद्दा आठ जणांपर्यंत मान्य. आठ जणांत आपापसातल्या जोड्या २८ होतात, पंधरा जणांत १०५. माणसं दुप्पटही झाली नाहीत आणि बोलण्याच्या वाटा जवळजवळ चौपट झाल्या. आठ जण एका खोलीत ऐकून कळतं ते पंधरा जणांत कळत नाही. मग एकाच कामाच्या दोन फाइली तयार होतात आणि छपाईला जुनी जाते. एजन्सी मोठी होत असते, सवयी मात्र आठ जणांच्याच राहतात. बहुतेक कटुता या टप्प्यावर सुरू होते.

हिशेबाची_वही

दोघेही मूळ सोडून बोलताय. कामाचे तास कमी किमतीला विकले जातात, आणि त्याचा भार वातावरणावर पडतो. रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेचा करार, महिन्याला ६० तासांचा विकला आणि प्रत्यक्षात ८० तास लागले, तर तासाचा दर २५ टक्क्यांनी घसरला. वरचे २० तास बिलात दिसत नाहीत, ते कोणाच्या तरी शनिवारातून जातात. त्यावर वाढदिवसाचा केक आणि वार्षिक सहल हा उपाय नाही.

हे कळत का नाही? कारण टाइमशीट खोटी भरली जाते. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याची एकदम भरली की आठवणीतून सगळे दिवस आठ-आठ तासांचे होतात. शिवाय जास्त तास लिहिले की "एवढा वेळ का लागला?" असं विचारलं जातं, म्हणून लोक दहाचे आठ करतात. पुढचं एस्टिमेट याच आकड्यांवर बनतं आणि तेही तोकडं पडतं. उपाय साधा आहे: शीट रोज भरायची, पंधरा मिनिटांच्या टप्प्यात, आणि मूल्यमापनासाठी ती वापरायची नाही हे आधीच जाहीर करायचं. ६० पैकी ४५ तास संपले की क्लायंटला लेखी कळवायचं: उरलेल्या १५ तासांत यातलं काय हवं, आणि काय वाढीव बिलावर करायचं? महिनाअखेरीला सांगितलं तर ते भांडण होतं, तीन-चतुर्थांशावर सांगितलं तर नियोजन.

आणखी एक. आठवड्याच्या ४० तासांपैकी ३४ बिलाचे हवेत, असं लक्ष्य छोट्या ठिकाणी सर्रास असतं. उरलेल्या सहा तासांत मिटिंगा, पिचची (नवं काम मिळवायच्या सादरीकरणाची) तयारी, नवं सॉफ्टवेअर शिकणं आणि नव्या मुलाला शिकवणं बसत नाही. तेव्हा शिकवणं पहिलं बंद पडतं.

कॉपी_टेबल

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, पण शिकणं हा फक्त तासांचा प्रश्न नाही. छोट्या एजन्सीत नव्या माणसाला ब्रीफपासून बिलापर्यंत सगळा प्रवास दिसतो, आणि लोक ती नोकरी मनापासून आवडून करतात ते यामुळेच. मोठ्या ठिकाणी तीन वर्षं फक्त सोशल पोस्टच्या ओळी लिहिण्यात जाऊ शकतात. हा फायदा खरा आहे, मालकपक्षाने तो अभिमानाने सांगावा.

पण शिकण्यासाठी वरचा माणूस हवा आणि त्याने चूक दाखवायला हवी. होतं असं, की डेडलाइनला तासभर उरलेला असतो आणि सिनियर म्हणतो, "दे, मी करून टाकतो." ओळ बदलते, जाते, छापली जाते. पहिली का चालली नाही हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. दीड वर्षाने त्यालाच 'सिनियर' हे पद मिळतं, कारण पगार वाढवायला पैसे नव्हते. आता तो दुसऱ्याचं "करून टाकतो". यासाठी आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाची बैठक पुरते: गेलेल्या कामातले तीन नमुने घ्यायचे, मूळ आणि बदललेलं शेजारी ठेवायचं आणि प्रत्येक बदलाचं कारण सांगायचं. नुसतं "जमलं नाही" चालणार नाही. "ऑफर तिसऱ्या ओळीत गेली, मोबाइलवर ती दिसण्याआधीच मजकूर तुटतो" असं नेमकं कारण हवं.

आणि श्रेय. काम लाइव्ह झाल्यावर पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. सोडताना त्यावरून वाद होतो.

क्लायंट_सर्व्हिसिंग

"दोन फेऱ्या" हा नियम बहुतेक ठिकाणी असतोच, करारातही असतो. तो मोडतो कारण फेरी म्हणजे काय हे लिहिलेलं नसतं. क्लायंटकडे चार जण मत देणारे. ब्रँड मॅनेजर सोमवारी मेल करतो, सेल्सवाला मंगळवारी फोन, कायदा विभाग बुधवारी पीडीएफवर खुणा करतो, आणि गुरुवारी साहेब पहिल्यांदा डिझाइन बघतात. क्लायंटच्या लेखी ही एक फेरी, डिझायनरच्या लेखी चार. शिव्या मधल्या माणसाला दोन्हीकडून. करारात दोन वाक्यं घाला: मंजुरी देणारी व्यक्ती एकच, नावासकट, आणि एक फेरी म्हणजे सगळ्यांची मतं एकत्र केलेली एक यादी. परस्परविरोधी सूचना क्लायंटनेच आधी सोडवायच्या.

तरीही हे सगळीकडे चालणार नाही. एका क्लायंटकडून ४० टक्के उत्पन्न येत असेल तर त्याला कोणीच "नाही" म्हणू शकत नाही, मालकसुद्धा नाही. अशा एजन्सीत सातनंतरचा नियम त्या क्लायंटसाठी पहिल्याच आठवड्यात मोडेल, आणि बाकीच्या टीमला तो खोटा वाटू लागेल. न पाळला जाणारा नियम नसलेल्या नियमापेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालकपक्ष

हेच सांगत होतो. कॅम्पेन लाइव्ह असताना रात्री नऊला चुकीची किंमत झळकली, तर "उद्या बघू" म्हणायचं का?

ट्रॅफिक_डेस्क

नाही. म्हणून 'तातडीचं' म्हणजे काय ते लिहायचं. चुकीची किंमत, तुटलेली लिंक, बजेट भरधाव संपणं, लोकांचा जाहीर आक्षेप, एवढंच तातडीचं. लोगो थोडा मोठा करणं, उद्याच्या पोस्टचा रंग बदलणं, हे नाही. लाइव्ह दिवसांसाठी पाळी लावायची, एका रात्री एकच माणूस, आणि क्लायंटकडे फक्त त्याचा नंबर. बदली सुट्टी पंधरा दिवसांच्या आत, तारीख टाकून. "नंतर घे" म्हटलेली सुट्टी कोणाला मिळत नाही.

कायदा छोट्यांच्या मदतीला येईल असंही नाही. कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला, पण त्यावर कामगारांशी बोलणी करण्याचं बंधन किमान ५० कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर आलं. ऑस्ट्रेलियात हा हक्क २६ ऑगस्ट २०२४ ला आला, आणि १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांना तो एक वर्ष उशिरा लागू झाला. लहान एजन्सीला आपलं पान आपणच लिहावं लागतं.

मालकपक्ष

पाळी आणि एकच मंजुरीदार हे दोन्ही मान्य, त्यात खर्च नाही. टाइमशीट मूल्यमापनाला वापरायची नाही, हेही पटतं. पगाराचा पट्टा मात्र अजून मान्य नाही. त्याऐवजी पायऱ्या लिहून देता येतील: ज्युनियरला काय एकट्याने करता यायला हवं, सिनियरला काय, आणि आढावा वर्षातून कोणत्या दोन तारखांना होईल. आकडे प्रत्येकाशी बंद खोलीत.

हिशेबाची_वही

पायऱ्या हव्यातच, पण अडचण दुसरीकडे आहे. बाहेरून घेतलेल्या नव्या माणसाला बाजारभाव द्यावा लागतो आणि चार वर्षं टिकलेला त्याच्या खाली राहतो. हे चहाच्या टेबलावर कळतंच, बंद खोलीने काही झाकलं जात नाही. नवी नेमणूक करण्याआधी त्याच पायरीवरच्या जुन्या माणसाचा पगार तपासायचा, आणि फरक असेल तर आधी तो भरायचा. तेवढे पैसे नसतील, तर नवी नेमणूक परवडत नाही असाच त्याचा अर्थ.

मालकपक्ष

हे कठीण आहे. नवा माणूस बहुधा नवं काम आल्यावरच घेतला जातो, आणि त्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी येतात.

हिशेबाची_वही

मग फरक तीन महिन्यांनी भरू, असं जुन्या माणसाला तारखेसकट लेखी द्या. तो थांबेल. तोंडी सांगितलंत तर तो त्या तीन महिन्यांत दुसरीकडे मुलाखती देईल.