'टॉरेंट' आला कुठून, आणि मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
अनुवाद करताना अडले आहे. नदीच्या वर्णनात 'टॉरेंट' येतो आणि दोन पानांनंतर लेखकाने तोच शब्द एका बाईच्या बोलण्याला लावलाय. कोशात मूळ लॅटिन 'तोर्रेन्स' दिलंय, अर्थ 'भाजणारा, करपवणारा'. पाण्याचा आणि भाजण्याचा काय संबंध? दोन्हीकडे चालेल असा एक मराठी शब्द मिळेल का?

प्रतिसाद १:
मला हा शब्द फाइली उतरवण्यामुळेच माहीत. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेंट आणलं. फाइलचे तुकडे एकाच वेळी अनेक संगणकांकडून येत राहतात. मूळ अर्थाबद्दल जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद २:
कोश बरोबर आहे. 'तोर्रेरे' म्हणजे वाळवणे, भाजणे. त्यावरून 'तोर्रेन्स' म्हणजे तापलेलं, मग उकळी फुटल्यासारखं उसळणारं पाणी. आपल्याला हे परकं वाटू नये. आधण कसं उकळतं? खळखळ. ओढा कसा वाहतो? खळखळ. दोन्हीकडे तोच आवाज, तोच फेस. रोमन कायद्यात तर बारमाही नदी वेगळी आणि फक्त हिवाळ्यात वाहणारा 'तोर्रेन्स' वेगळा; एरवी त्याचं पात्र कोरडंच.

पण खरी गंमत पुढे आहे. या लॅटिन शब्दाचं मूळ 'कोरडं पडणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. त्याच धातूतून संस्कृत 'तृष्णा', पाली 'तण्हा' आणि आपली 'तहान'. म्हणजे लोंढा आणि तहान एकाच कुळातले! हे कळलं तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता मराठी शब्द. 'प्रवाह' फार सपाट. 'ओघ' नकोच, 'बोलण्याच्या ओघात' म्हणतो तेव्हा त्यात सहजपणा असतो, धक्का नसतो. 'लोट' चांगला, त्यात 'लोटणे' ऐकू येतं, पण तो धुराकडे आणि धुळीकडे झुकतो. नदीसाठी मी 'लोंढा' घेईन. गढूळ पाणी, ओंडके, गाळ, सगळं त्यात येतं. बाई रागावली आहे की आनंदात आहे? नुसती रागावली असेल तर 'तोंडाचा पट्टा सुटला' पुरे.

प्रश्नकर्ती:
रागात आहे, आणि त्याच नदीकाठी उभी आहे. शब्द मुद्दाम परत आणलेला दिसतो.

प्रतिसाद २:
मग पट्टा विसरा, 'लोंढा' दोन्हीकडे ठेवा. माणसांचे लोंढे आपण रोज म्हणतो, शब्दांचा लोंढाही खटकणार नाही. फक्त 'लोंढा वाहिला' लिहू नका. लोंढा येतो, नाहीतर लोटतो.