शब्दचर्चा: ‘विन्यु व्हेर्द’ म्हणजे हिरवी वाइन का? आणि पिंप, बूच, जात

नमस्कार मंडळी, एक अडचण घेऊन आलेय. पोर्तुगालच्या वाइनवरचा एक लेख इंग्रजीवरून मराठीत करतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. विन्हो वर्दे (उच्चार बरोबर आहे ना?) याला सरळ ‘हिरवी वाइन’ म्हणू का? मागे एका मासिकात ‘हिरवी दारू’ असं छापलेलं वाचलं होतं आणि शेजारच्या फोटोत ग्लासात पांढरी वाइन, वाचणाऱ्याने काय समजायचं! दुसरं म्हणजे द्राक्षाची ‘व्हरायटी’ला जात लिहू की वाण? आणि लाकडी कास्कला काय म्हणू, पिंप लिहिलं की आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचं निळं प्लास्टिकचं पिंप डोळ्यासमोर येतं. जाणकारांनी सांगा, घाई नाही पण गरज आहे.

प्रतिसाद

ताई, पोर्तोत चार वर्षं राहून आलोय आणि हे शब्द रोज कानावर पडायचे, म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आधी उच्चार. पोर्तुगीजमधला ‘एनएच’ म्हणजे आपला न्य. त्यामुळे विन्यु. आणि व्हेर्दच्या शेवटचा ए ते लोक जवळजवळ गिळतात. विन्यु व्हेर्द. आता अर्थ. व्हेर्द म्हणजे हिरवा हे खरंच, पण तिथं त्याच्यासमोर उभा असणारा शब्द लाल किंवा पांढरा नाही, ‘मादुरु’ आहे, म्हणजे पिकलेला, मुरलेला. हॉटेलात विचारतात, व्हेर्द की मादुरु? म्हणजे हा हिरवा आपण ‘अजून हिरवं आहे, पिकू दे’ म्हणतो त्यातला हिरवा. मराठीत त्याला मला ‘कोवळी’ हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. कोवळी वाइन, लवकर बाटलीत भरलेली, आंबटसर, हलकी, जिभेवर किंचित चुरचुरणारी. काहीजण सांगतात की मिन्यु प्रांत पावसाने हिरवागार असतो म्हणून ते नाव पडलं, आणि प्रांत हिरवागार आहे हे मी पाहिलंय, वायव्येचा कोपरा, अटलांटिकवरून पाऊस थेट आत येतो, पावसाळ्यातलं कोकणच.

पण ‘हिरवी’ लिहू नका याचं खरं कारण वेगळं आहे. विन्यु व्हेर्द लालही असते! व्हिन्यांव नावाचं द्राक्ष आहे, त्याचा गरसुद्धा रंगीत असतो (बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो), त्याची वाइन जांभळाच्या रसासारखी गडद, आणि गावाकडे ती काचेच्या ग्लासात नाही, पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात पितात. पहिल्यांदा माझ्यासमोर असा वाडगा ठेवला तेव्हा वाडग्याच्या कडेला जांभळी रेघ उमटलेली होती, ती बोटाने पुसली तर बोट दिवसभर रंगलेलं. आता याला हिरवी वाइन म्हणा बघू. १९०८ मध्ये या प्रदेशाच्या सीमा कायद्याने आखल्या, म्हणजे हे एका रंगाचं नाव नाहीच, मुलखाचं नाव आहे. मुलखाच्या नावाचं भाषांतर आपण करत नाही. विन्यु व्हेर्द तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात ‘म्हणजे कोवळी’ असं सांगा आणि पुढे चला.

आणि हो, ‘दारू’ नको. मराठीत दारू म्हटलं की देशी, विदेशी, फटाक्याची सगळी एका पोत्यात जाते. ‘द्राक्षारस’ बायबलच्या मराठी भाषांतरात आहे, तिथे शोभतो, पण आजच्या वाचकाला तो रसवंतीतला रस वाटणार. वाइनच म्हणा, स्त्रीलिंगी, ‘ती वाइन’, सगळे तसंच बोलतात.

प्रतिसाद

जात की वाण यावर मी बोलतो, दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. आम्ही वाण म्हणतो, बियाणं-कलमाच्या दुकानात वाण, कृषी खात्याच्या कागदावर वाण, आणि आपापसात ‘व्हरायटी’. म्हातारी माणसं मात्र जात म्हणतात, ‘ही जात पावसात तडकते’. माझं मत वाण. वरच्या दादांना विचारायचंय, तिकडे वेली मांडवावर चढवतात का वायवर?

प्रतिसाद

दादा, भारी प्रश्न. मिन्युत जुनी पद्धत मांडवाचीच! रामादा किंवा लातादा म्हणतात, दगडी खांब, वर वेल, आणि खाली कोबी, बटाटे. त्याच्याही आधी वेली सरळ झाडांवर चढवायचे आणि शिडी लावून घड उतरवायचे. आता नव्या बागा तारेवर आहेत. ताई, तुमच्या लेखात ‘पर्गोला’ असेल तर तिथे डोळे झाकून मांडव लिहा, नाशिक-सांगलीचा वाचक लगेच ओळखेल.

जात-वाणाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. पोर्तुगीजमध्ये द्राक्षाच्या वाणाला शब्द आहे ‘काश्ता’. हाच तो शब्द, जो पोर्तुगीज लोकांनी इथे आल्यावर आपल्या जातींना लावला आणि त्यातूनच पुढे इंग्रजीतला ‘कास्ट’ आला. तिकडे अजूनही बागेत उभं राहून सहज विचारतात, ही कुठली काश्ता? म्हणजे आपली ती म्हातारी माणसं ‘ही जात पावसात तडकते’ म्हणतात ते आणि तिकडचा शेतकरी म्हणतो ते शब्दाला शब्द जुळतं, दोन्हीकडे जन्माने येणारा गुण. तरीसुद्धा मी वाणच लिहीन, कारण ‘तोरिगा नासियोनाल ही उच्च जात’ असलं वाक्य मराठीत छापलेलं मला बघवणार नाही. भाताची, आंब्याची जात बोलण्यात ठीक आहे, लेखात उच्च-हलकी अशी विशेषणं शेजारी आली की तो शब्द दुखावतो.

वाणांची नावं मात्र भाषांतर करून सांगाच, त्यात फार जीव आहे. लोरेइरु म्हणजे तमालपत्राच्या जातभाईचं झाड (हे बघा, आलाच शब्द), कारण त्या वाइनला तसला वास येतो. राबु द ओव्हेल्या म्हणजे मेंढीची शेपटी, घडाच्या आकारावरून. दांव भागात बिकाल वाणाला बोर्रादु दश मोश्काश म्हणतात, माश्यांनी घाण केलेलं, कारण पिकल्यावर मण्यांवर तपकिरी ठिपके येतात. एश्गाना कांव म्हणजे कुत्र्याचा गळा आवळणारं, इतकं आंबट, आणि तेच द्राक्ष मदैरा बेटावर गेलं की सेर्सियाल होतं. नावं बदलणं हा तर तिथला नेम आहे, दोरु खोऱ्यातलं तिंता रोरीज दक्षिणेला आलेन्तेजुत आरागोनेज होतं आणि सीमा ओलांडून स्पेनमध्ये टेम्प्रानियो. एकच वेल. भाषांतर करताना हे तीन वेगळे वाण समजू नका, ही चूक मी खूप ठिकाणी पाहिलीय.

तिंता, तिंतु यावरही एक ओळ. लाल वाइनला पोर्तुगीजमध्ये ‘लाल’ म्हणत नाहीतच, ‘तिंतु’ म्हणतात, म्हणजे रंग चढलेली. शाईला तिंता. मराठीत ‘लाल वाइन’ रुळलंय ते राहू दे.

प्रतिसाद

दांव? मी आजवर डाओ वाचत आलो.

प्रतिसाद

पाव कसा झाला ते आठवा. मूळ शब्द ‘पांव’, नाकातला उच्चार, आपण नाक सोडलं आणि पाव ठेवला. अगदी तोच ध्वनी दांवमध्ये आहे. गोव्यात सांजांव म्हणतात त्यातला ‘जांव’ही तोच. म्हणजे हा उच्चार मराठी-कोकणी तोंडाला चारेकशे वर्षं माहीत आहे, तो डाओ इंग्रजीतून फिरून आला म्हणून बिघडला. तसंच ‘द’चं. पोर्तुगीज द आपल्यासारखा दाताचा आहे, म्हणून दोरु लिहा, डूरो नको. आलेन्तेजुतला जु मात्र आपल्याकडे नाही, झ आणि श यांच्या मधला. नावाचा अर्थ ‘तेजु नदीच्या पल्याड’. आणि ईशान्येला त्राज-उश-मोन्तिश, ‘डोंगरांच्या मागे’. आपण घाटावर, तळकोकण म्हणतो तशीच ही नावं, कुठून बघतोय ते नावातच कळतं.

आता पिंप. ताई, प्लास्टिकचं निळं पिंप डोळ्यासमोर येत असेल तरी शब्द सोडू नका, कारण हा शब्दच वाइनच्या घरचा आहे! पोर्तुगीज ‘पिपा’, लाकडी पट्ट्यांचं, लोखंडी कड्या ठोकलेलं मोठं भांडं, त्याचं मराठीत पीप, पिंप झालं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती, चौल होतं, गोवा तर १९६१ पर्यंत, बंदरात पिपं उतरायची, शब्द तिथून वर आला. घमेलं, बालदी हेही तसेच आलेले. दोरुमध्ये आजही पिपा हे मापसुद्धा आहे, साधारण ५५० लिटर, यंदा किती पिपा पोर्ट करायची असं बोलतात. पूर्वी ही पिंपं राबेलु नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून नदीच्या धारेवर खाली पोर्तोसमोरच्या गाया या शहरात यायची.

पोर्ट म्हणजे काय हेही लेखात नीट येऊ दे, कारण गोव्यात स्वस्त गोड लाल वाइनला सरसकट पोर्ट म्हणतात आणि आपल्या वाचकाच्या डोक्यात तीच असते. खरी पोर्ट दोरु खोऱ्यातल्याच द्राक्षांची, त्या खोऱ्याच्या सीमा १७५६ मध्ये मार्केश द पोंबाल या पोर्तुगालच्या मंत्र्याच्या काळात आखल्या. रस आंबत असताना, साखर अजून उरलेली असतानाच, त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची ब्रँडी ओततात, आंबणं तिथेच थांबतं, गोडी राहते आणि मद्यार्क १९ ते २२ टक्क्यांवर जातो. ‘फोर्टिफाइड’ला मराठीत काय असं पुढे विचारालच, ‘बळकट केलेली’ असलं काही नको, ‘ब्रँडी घातलेली’ म्हणा, सरळ कळतं.

मदैराची गोष्ट तर आपल्याशीच जोडलेली आहे. त्या बेटावरची पिंपं जहाजात भरून विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानापर्यंत यायची, न विकलेली परत जायची, आणि उन्हातान्हात हिंदकळून आलेली ती वाइन मूळपेक्षा चांगली लागते असं लक्षात आलं. मग मुद्दाम फेरीला पाठवायला लागले. विन्यु दा रोदा, फेरीची वाइन. आता पिंपं माळ्यावर उष्णतेत वर्षानुवर्षं ठेवून तेच साधतात.

प्रतिसाद

सावंतवाडीहून. आमच्या घरी पाण्याचं लाकडी पिंप होतं, आजी पीपच म्हणायची, अनुस्वार नाही. आणि फेणीची ती मोठी पोटाची काचेची बाटली, बाहेरून विणलेली, तिला गर्राफांव म्हणतात, तो पण पोर्तुगीजच ना? आणि गोव्यातल्या कुळागराचा (नारळ-सुपारीची बाग) वाइनशी संबंध आहे असं कोणीतरी सांगितलं होतं.

प्रतिसाद

गर्राफांव हो, गार्राफा म्हणजे बाटली, त्याची थोरली आवृत्ती. त्याच कुळातला गार्राफैरा शब्द लेबलवर दिसतो, जास्त मुरवलेली वाइन, लाल असेल तर कमीत कमी ३० महिने, त्यातले १२ बाटलीत.

कुळागराचा मात्र काही संबंध नाही. तसं कोणाला ‘लागार’वरून वाटलं असणार, लागार म्हणजे द्राक्षं तुडवायची ग्रॅनाइटची टाकी. आपला आगर मिठागरातला, स्वतंत्र. आणि ताई, लागारात द्राक्षं ‘तुडवतात’, मळत नाहीत, मळणी धान्याची. माणसं खांद्याला खांदा लावून, हात गुंफून, गुडघाभर लगद्यात तालावर एक एक पाऊल पुढे सरकतात, त्याला कोर्त म्हणतात, कापणं. दोन तास असं झाल्यावर ओरडतात ‘लिबेर्दाद’, म्हणजे स्वातंत्र्य, आणि मग ज्याला जसं नाचायचं तसं.

आलेन्तेजुत अजून एक भांडं भेटेल, ताल्या. मातीचं, माणसाएवढं, आतून राळ फासलेलं. ‘क्ले ॲम्फोरा’ असं इंग्रजीत असेल, तुम्ही बेलाशक रांजण लिहा. द्राक्षं सालीसकट त्यात आंबतात, साली तळाशी बसतात आणि ११ नोव्हेंबरला, सांव मार्तिन्युच्या दिवशी, बुडाजवळचं भोक उघडलं की त्या सालींच्याच थरातून गाळून वाइन येते, सोबत भाजलेली चेस्टनट.

प्रतिसाद

मूळ धागा माझाच. सगळं वहीत उतरवून घेतलंय, मनापासून आभार, पिंप आणि रांजण दोन्ही नक्की. एकच राहिलं, बूच. हा पण तिकडचाच का? लेखात कॉर्कवर अख्खं पान आहे.

प्रतिसाद

तिकडचाच. ‘बुशा’, म्हणजे बोळा, गुडदी. बाटलीच्या बुचाला ते स्वतः ‘रोल्या’ म्हणतात, पण आपण बुशा उचलला. गंमत म्हणजे आज ते ‘श’ म्हणतात आणि आपण ‘च’, कारण शब्द इकडे आला तेव्हा तेही च म्हणायचे. चावीचं तसंच, त्यांची आजची ‘शाव्ह’. उत्तरेच्या डोंगराळ गावांत म्हातारे अजून च उच्चारतात. म्हणजे बूच आणि चावी या दोन शब्दांत त्यांचा जुना उच्चार आपण सांभाळून ठेवलाय.

आणि आपलं बुचाचं झाड, पहाटे रस्त्यावर लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ते, त्याची जाड भेगाळ साल कॉर्कसारखी वापरता यायची म्हणून ते नाव. खरा कॉर्क वेगळ्या झाडाचा, सोब्रेइरु, ओकचाच एक प्रकार. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क पोर्तुगालमधून येतो. झाड पंचविशीचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, मग दर ९ वर्षांनी, आणि बाटलीच्या बुचाच्या लायकीची साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड ४३ वर्षांचं होईपर्यंत थांबायचं. मी उन्हाळ्यात पाहिलंय, कुऱ्हाडीने आडवी-उभी चीर देऊन पात्याच्या मागच्या टोकाने साल अलगद उचकटतात, पूर्ण पन्हळ निघून येते, आतलं खोड ओल्या गेरूच्या रंगाचं. मग त्यावर पांढऱ्या रंगाने एकच आकडा लिहितात, काढलेल्या वर्षाचा शेवटचा. दहा वर्षांच्या आतच परत यायचं असतं, त्यामुळे एक आकडा पुरतो. तुमच्या लेखात हे लिहिताना ‘सालीचं साल’ असं शेजारी येईल, येऊ द्या, बदलू नका.