फुल अँड फायनल अडकलंय, वर दोन गेजचे पैसे कापणार म्हणतात

गेजवाला_चाकण

मंडळी, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या व्हेंडरकडे क्वालिटीला होतो. ५ ऑगस्ट २०१९ ला लागलो. गेल्या १७ डिसेंबरला राजीनामा टाकला. नोटीस दोन महिन्यांची, म्हणजे १६ फेब्रुवारीपर्यंत यायची माझी तयारी होती. पण जानेवारी संपता संपता एचआरने बोलावून सांगितलं, "३१ ला मोकळे व्हा, तुमच्या जागी माणूस आलाय." मीही म्हटलं, बरंच झालं. आता रांजणगावला रुजू झालोय.

तेव्हापासून फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या पैशाचा पत्ता नाही. जानेवारीचा पगारसुद्धा होल्डवर. २२ रजा शिल्लक आहेत, त्याचं नाव कोणी काढत नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. मग मेल आला की पॉलिसी ४५ दिवसांची आहे. तेही उलटून गेले. आता नवीनच काढलंय: एक डिजिटल व्हर्नियर आणि एक बोअर गेज (दोन्ही मोजमापाची उपकरणं) स्टोअरला जमा दिसत नाही, १८,५०० कापून बाकीचे देऊ. आणि त्याच्याही आधी "माझे कंपनीकडे काहीही येणे बाकी नाही" या कागदावर सही करून स्कॅन पाठवा, मग पैसे सोडू!

आमच्याकडे प्रत्येक गेजवर नंबर कोरलेला असतो आणि कॅलिब्रेशन (मापाची अचूकता तपासणं) रजिस्टरला त्याची ओळ असते. शेवटच्या दिवशी मी एकेक गेज टेबलावर मांडून, नंबर वाचून, नव्या पोराची सही घेतली. त्या पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. दोन्ही नंबर त्यात आहेत.

ग्रॉस ४६,०००, बेसिक-डीए मिळून २६,०००. ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) किती बसेल? वडील म्हणतात जुन्नरला वकील ओळखीचे आहेत, नोटीस ठोकू. मला एवढ्यात कोर्टकचेरी नको आहे.

तिरकट

भावा, सोडून दे. चाकण-रांजणगावातले सगळे एचआर एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात. उद्या नव्या कंपनीने जुन्या ठिकाणी चौकशी केली तर?

पेरोलवाली

सोडून कशाला द्यायचं? फुकटचे मागतायत का ते?

मी पेरोलमध्येच आहे, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगते. राजीनामा आला की बऱ्याच ठिकाणी पहिलं काम म्हणजे त्या माणसाचा शेवटचा पगार स्टॉपला टाकणं. कारण काय, तर एकदा पगार जमा झाला की आयकार्ड आणि सेफ्टी शूज द्यायला कोणी परत फिरकत नाही. मग क्लिअरन्सचा कागद स्टोअर, कँटीन, आयटी, अकाउंट्स असा फिरतो. एकाने सही अडवली की सगळंच अडतं. त्यात महिन्याच्या वीस-बावीस तारखेला पेरोलचं इनपुट बंद होतं, तेवढ्यात कागद पोचला नाही की गेला पुढच्या महिन्यावर. ४५ दिवस येतात ते इथून. ही कंपनीची सोय झाली, कायदा नव्हे.

वेतन संहिता (पगाराचा नवा केंद्रीय कायदा) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि तुम्ही त्यानंतर बाहेर पडलात. राजीनामा दिला तरी वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असं तिच्यात स्पष्ट आहे. पूर्वी हा नियम मालकाने काढून टाकलेल्यांपुरता होता, शिवाय २४,००० च्या वर पगार असला की तो जुना कायदाच लागत नव्हता. आता पगाराची ती मर्यादा राहिली नाही. शिल्लक रजेच्या पैशांनाही तीच दोन दिवसांची मुदत.

म्हणून तुमच्या एचआरने बांधलेला गठ्ठा आधी सोडवा. पगार आणि रजा वेगळं, त्याची मुदत कधीच संपली. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस, तेही गेले आणि पुढे व्याज लागतं. पीएफ तर कंपनीच्या हातात अडकतच नाही. त्यांनी बाहेर पडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर तुम्हीच ती टाका आणि नव्या खात्यात ट्रान्सफर लावा.

ग्रॅच्युइटीचं गणित तुमच्या बाबतीत तोंडी होतं. २६,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,०००. सहा वर्षांचे ९०,०००. पण इथे एक गोम आहे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं तर ते अख्खं वर्ष धरतात. ५ ऑगस्टपासून मोजा: ३१ जानेवारीला तुमची सहा वर्षं आणि सहा महिन्यांना चार-पाच दिवस कमी. १६ फेब्रुवारीपर्यंत राहिला असतात तर सात वर्षं धरली असती, १,०५,०००. मुद्दाम केलं की आपसूक झालं, मला माहीत नाही. पण लवकर सोडा असं तुम्ही लेखी मागितलं होतं का? नसेल तर तसं आता कुठेही कबूल करू नका. आणि नेमणूकपत्र काढून बघा, कंपनीने नोटीस आखडती घेतली तर उरलेल्या दिवसांचा पगार देण्याचं कलम बहुतेकांत असतं.

गेजचं म्हणाल तर ताब्यात दिलेली वस्तू तुमच्या हलगर्जीने गेली तरच कापता येतं, तेसुद्धा तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. पैसे खात्यात येईपर्यंत त्या कागदावर सही करू नका. नंतर करायची वेळ आलीच तर खाली "कपातीस हरकत नोंदवून स्वीकारले" असं हाताने लिहा.

फोन बंद करा, मेल करा. एचआरला, प्रत प्लांट हेडला, मराठीत चालतो. असा:

"माझा जानेवारी २०२६ चा पगार व २२ दिवसांच्या रजेचे वेतन अद्याप मिळालेले नाही. १८,५०० रुपयांच्या कपातीस माझी संमती नाही. दोन्ही गेज ३१ जानेवारीस सुपूर्द केल्याची रजिस्टरमधील नोंद सोबत जोडली आहे. सात दिवसांत रक्कम जमा न झाल्यास कामगार कार्यालयात दावा दाखल करीन. ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतंत्र पाठवत आहे."

शिव्या नकोत, "माझ्या कष्टाचे पैसे" वगैरेही नको. हाच मजकूर कागदावर सही करून स्पीड पोस्टनेही पाठवा, पोचपावती लावून.

वाळूजचा_पाहुणा

ताईंच्या म्हणण्यात भर. २०२२ मध्ये मी संभाजीनगरच्या कामगार कार्यालयात गेलो होतो, तेव्हा जुना कायदा होता. वकील नव्हता. तिथल्या बाबूने नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं. स्टेटमेंटवर जो महिना कोरा होता तिथे मी लाल पेनाने गोल करून नेला होता. साहेबांनी तेवढंच बघितलं. कंपनीला पत्र गेलं, तारखेला त्यांचा एचआरवाला आला तो चेक खिशात घालूनच. साहेबांसमोर म्हणतो कसा, "आम्ही देणारच होतो." मीही हो म्हटलं, चेक घेतला.

आता दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी बारा महिने होती. मूळ रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकारही आहे, पण ते कमाल झालं, त्याच्या भरवशावर गाडी बुक करू नका. 😄

तिरकट, चौकशीचं म्हणाल तर मलाही भीती होती. पुढच्या कंपनीने विचारलं ते फक्त हुद्दा आणि तारखा.

गेजवाला_चाकण

मेल टाकला, पोस्टानेही पाठवला. तिसऱ्या दिवशी प्लांट हेडच्या ऑफिसातून फोन. बोअर गेज "सापडलं". कॅलिब्रेशनला बाहेर लॅबला गेलं होतं, चलन स्टोअरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये! व्हर्नियरबद्दल आता कोणी बोलत नाही.

काल जानेवारीचा पगार आणि रजेचे पैसे जमा झाले, कपात शून्य. सही मागितली नाही.

पण आज रिलीव्हिंग लेटर आलं आणि त्यात लिहिलंय, "आपल्या विनंतीवरून ३१ जानेवारी २०२६ रोजी कार्यमुक्त करण्यात येत आहे." मी विनंती केलीच नव्हती. राजीनाम्याच्या मेलमध्ये १६ फेब्रुवारी ही तारीख स्वच्छ लिहिलेली आहे. नव्या कंपनीला हे लेटर शनिवारपर्यंत द्यायचंय. काय करू?

पेरोलवाली

लेटर नव्या कंपनीला खुशाल द्या, त्यांना विनंतीशी देणंघेणं नाही. जुन्यांना मात्र आजच उत्तर द्या, उद्यावर टाकू नका: "कार्यमुक्तीची विनंती मी केलेली नाही, राजीनाम्यात १६ फेब्रुवारी नमूद आहे, कृपया दुरुस्त पत्र द्यावे." राजीनाम्याचा मूळ मेल त्यालाच जोडा. ग्रॅच्युइटीच्या अर्जात सात वर्षंच लिहा आणि १,०५,००० मागा. ते ९०,००० देतील, ते घ्या, आणि उरलेल्या १५,००० साठी ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तिथे तुमचा मेल आणि त्यांचं लेटर शेजारी शेजारी ठेवले की विनंती तुमची नव्हती हे दिसतं.

आणि हो, चालू वर्षाच्या टीडीएससाठी (पगारातून कापल्या जाणाऱ्या करासाठी) जुन्या ठिकाणच्या पगाराचे आकडे नव्या कंपनीला मार्च संपायच्या आत द्या. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) जूनमध्ये मिळेल, तोवर थांबलात तर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना खिशातून जातात.