स्कॅनमध्ये गाठ दिसत नसताना पॅराथायरॉइडची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे)

माझ्या आईचे वय ६२ आहे. चार वर्षांत दुसऱ्यांदा मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी रक्तातील कॅल्शियम तपासायला सांगितले, ते ११.६, म्हणजे वाढलेले आले. रक्तातील कॅल्शियम वाढवणारे पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक, म्हणजे पीटीएच, १४८ आहे (अहवालावर मर्यादा १५ ते ६५ अशी छापली आहे) आणि ड जीवनसत्त्व १४, म्हणजे कमी. रोज पहाटे पर्वती चढणारी आई गेली दोन वर्षे निम्म्या पायऱ्यांवरच बसू लागली होती. आम्ही ते वयावर घातले. हाडे दुखतात म्हणून एका डॉक्टरांनी रक्त न तपासताच तिला वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, याचे आजही वाईट वाटते.

आता शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. परंतु मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून ग्रंथी शोधणारा), दोन्हींत वाढलेली ग्रंथी दिसलेली नाही. ‘जे दिसतच नाही ते काढणार कसे?’ असे आई विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही तिचे दूध-दही बंद केले आहे, ते योग्य आहे का?

प्रतिसाद १

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांवर उपचार करतो. आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण मत समजावे.

या आजाराचे निदान स्कॅनवर होत नाही, रक्तावर होते. कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथी पीटीएच कमी करतात. इथे कॅल्शियम चढलेले असूनही पीटीएच दुपटीहून अधिक आहे, म्हणजे निदान एक ग्रंथी तरी शरीराचा इशारा ऐकत नाही. स्कॅन फक्त तिचा पत्ता शोधतो. थायरॉइडच्या मागे सहसा अशा चार ग्रंथी असतात, प्रत्येक साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, आणि किंचित वाढलेली ग्रंथी किंवा एकाहून अधिक ग्रंथींतील दोष स्कॅनमधून निसटणे मुळीच दुर्मीळ नाही. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत एकाच ग्रंथीत गाठ असते. पत्ता लागला नाही तर शल्यविशारद मानेच्या दोन्ही बाजू उघडून चारही ग्रंथी डोळ्यांनी पाहतात आणि वाढलेली काढतात. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते, म्हणून ग्रंथी काढल्यावर १० मिनिटांनी तिथेच रक्त तपासून ते निम्म्याहून अधिक उतरले का, हे पाहता येते. ही सोय त्या रुग्णालयात आहे का, हे अवश्य विचारावे.

दूध-दही बंद करू नये. आहारातून कॅल्शियम तोडले तर पीटीएच आणखी चढण्याचा संभव असतो आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढते. पाणी मात्र भरपूर हवे. ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेपूर्वीच सावकाश भरून काढावे.

प्रतिसाद २

२४ तासांच्या लघवीतील कॅल्शियम तपासले आहे का? काही घराण्यांत कॅल्शियम जन्मतःच थोडे चढे असते आणि लघवीतून फार कमी जाते. त्यांना या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. मुतखडे पाहता आईंना तसे असण्याची शक्यता कमी वाटते, तरी खात्री करून घ्यावी. मात्र ड जीवनसत्त्व कमी असताना लघवीतील आकडा खोटा कमी दिसू शकतो. रक्तदाबाच्या गोळीत थायाझाइड गटाचे औषध असेल तर तेही कॅल्शियम वाढवते. ती गोळी स्वतःहून थांबवू नये, पण डॉक्टरांना दाखवावी. हाडांची घनता मोजताना मनगटाजवळचे हाड मोजायला सांगावे, कारण हा आजार तिथे लवकर उमटतो आणि नेहमीच्या तपासणीत ते हाड बहुधा राहून जाते.

प्रतिसाद ३

माझी ही शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली. माझ्याही स्कॅनमध्ये काही दिसले नव्हते; गाठ डावीकडे खाली निघाली, चवळीच्या दाण्याएवढी. दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांची टोके बधिर झाली. परिचारिकेने लगेच रक्त घेऊन कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि पहाटेपर्यंत उतार पडला. भुकेलेली हाडे एकदम कॅल्शियम शोषून घेतात म्हणून असे होते, हे आधी सांगितले असते तर मी इतकी घाबरले नसते. घरी आल्यावर असे झाले तर वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे. आवाज दोन आठवडे बसला होता. स्वरयंत्राची नस अगदी लगत जाते, म्हणून शल्यविशारद वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे मी स्पष्ट विचारले होते. त्यांना राग आला नाही; वहीत पाहून आकडा सांगितला.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लघवीची ती तपासणी झालीच नव्हती. आज पहाटेची पहिली लघवी सोडून देऊन आईने कॅन भरायला घेतला आहे, उद्या त्याच वेळेला प्रयोगशाळेत देऊ. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पाहिली, त्यावर क्लोरथॅलिडोन लिहिले आहे. हे थायाझाइडसारखेच औषध आहे असे औषधविक्रेत्याने सांगितले, म्हणून पट्टी फाइलला लावून ठेवली आहे. गुरुवारी शल्यविशारदांना भेटायचे आहे. आज दुपारी आईने बऱ्याच दिवसांनी ताक मागितले, आणि आम्ही दिले.