मदत हवी आहे: एफएनआयआरएसमध्ये ऑक्सि आणि डीऑक्सि दोन्ही एकदम वाढताहेत

एफएनआयआरएसने, म्हणजे डोक्यावरून प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्तातले ऑक्सिजनचे बदल मोजण्याच्या पद्धतीने, डाव्या मोटर कॉर्टेक्सवर (हालचाली चालवणारा मेंदूचा भाग), सी३च्या (डोक्यावरचा त्यावरचा ठरलेला बिंदू) आसपास, बोटं टॅप करण्याचा प्रयोग चालू आहे. ७६० आणि ८५० नॅनोमीटरचे एलईडी, स्रोत ते डिटेक्टर अंतर ३० मिलिमीटर, नोंद सेकंदाला १० वेळा. उजव्या हाताचं टॅपिंग २० सेकंद, मग २० ते ३० सेकंद विश्रांती. विश्रांती मुद्दाम कमीजास्त ठेवली आहे, म्हणजे ०.१ हर्ट्झच्या रक्तदाबाच्या लहरी टॅपिंगच्या लयीशी जुळणार नाहीत.

ऑक्सिहिमोग्लोबिन (ऑक्सिजन घेतलेलं) वाढून डीऑक्सि (ऑक्सिजन सोडलेलं) थोडं घटायला हवं. पण बऱ्याच चॅनेलमध्ये (स्रोत-डिटेक्टरच्या जोड्यांमध्ये) दोन्ही सोबतच चढतात. हा मेंदूचा प्रतिसाद नसून टाळूतल्या रक्तप्रवाहाचा असावा असा दाट संशय आहे. मुख्यतः टाळूच मोजणारे ८ मिलिमीटर अंतराचे शॉर्ट चॅनेल दोनच आहेत, तेही कपाळाजवळ. ते जीएलएममध्ये (विश्लेषणाचं सांख्यिकी मॉडेल) रिग्रेसर म्हणून, म्हणजे टाळूचा भाग वेगळा काढायला, पुरतील, की एक सी३च्या शेजारी हलवावाच लागेल?

दुसरी शंका डीपीएफची, म्हणजे प्रकाशाचा विखुरलेला मार्ग सरळ अंतराच्या किती पट लांब धरायचा त्या आकड्याची. दोन्ही तरंगलांबींना सरसकट ६ धरला आहे. वेगवेगळा न धरल्यामुळे क्रॉसटॉक होऊन (एकाचा बदल दुसऱ्यात मिसळून) डीऑक्सि उलट्या दिशेला जाऊ शकतं का?

दाट काळ्या केसांचा त्रास वेगळाच. नाडीचा १ हर्ट्झच्या आसपासचा ठोका दिसत नाही ते चॅनेल वगळावे लागतात. केसांना तेल असलं की भांग पाडूनही केस पुन्हा ऑप्टोडखाली (डोक्याला टेकणारा स्रोत किंवा डिटेक्टर) सरकतात, आणि टोपी जास्त आवळली तर माणूस दुखतंय म्हणून डोकं हलवतो. यावर कुणाची खात्रीची पद्धत असेल तर टप्प्याटप्प्याने सांगा.